गिरणीच्या दारातले अध्यक्ष

आमच्या सोसायटीत तळमजल्याच्या प्रत्येक घराला सरकारने एक फळी दिली होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. फळी म्हणजे खरोखरची लाकडी फळी: जाड, रंधा मारलेली, हिरवा ऑइलपेंट दिलेली, उभी केली तर जेमतेम गुडघ्यापर्यंत येणारी. दाराच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा बसवून दिल्या होत्या. पाणी भरायला लागलं की फळी वरून खाचेत सोडायची, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि घरात बसून ओहोटीची वाट बघायची.

ओहोटीची, कारण कोपरखैरण्याची आमची वसाहत मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल जमिनीवर आहे. ती आखणाऱ्यांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. पावसाचं पाणी आधी एका मोठ्या तलावात जमतं. ओहोटीला तलावाची दारं उघडतात आणि पाणी खाडीत जातं. भरतीला दारं मिटतात, म्हणजे खाडी आत येत नाही. व्यवस्था चांगली आहे. फक्त मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की तलाव भरतो आणि उरलेलं पाणी आमच्या गल्लीत येऊन थांबतं, पाहुण्यासारखं. फार वेळ थांबत नाही, पण जाताना काहीतरी घेऊन जातं.

असे काही पावसाळे गेल्यावर सरकारने एक योजना काढली. दरवर्षी पंचनामे करून भरपाई वाटण्यापेक्षा नुकसान आधीच कमी करा, आणि तरीही जे होईल त्याचा विमा उतरवा, असा तिचा मथितार्थ. योजनेचं खरं नाव एका श्वासात म्हणता येत नसे, त्यामुळे आम्ही तिला फळी योजना म्हणायचो. विजेचे मीटर वर घ्यायचे, गॅसची टाकी ओट्याच्या उंचीला बांधायची, गटाराला जाळी बसवायची आणि दाराला फळी. एवढं केलं की सरकारी विमा कंपनीचा साहेब येऊन बघणार, आणि मग तळमजल्याच्या घरांना अगदी बेताच्या हप्त्यात विमा मिळणार. ज्याच्या दारात फळी नाही त्याचं घर पुढच्या वर्षापर्यंत बाहेर.

सोसायटीची सेक्रेटरी मी होते. निवडून आले नव्हते. सभेत मी वही-पेन घेऊन बसले होते आणि बाकी कुणी बसलं नव्हतं, एवढंच कारण. रबाळ्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचे. जी वस्तू आत येते तिला जागा हवी आणि त्या जागेला नंबर हवा, हे माझ्या हाताला लागलेलं वळण. म्हणून फळ्या आल्या त्या दिवशी मी प्रत्येक फळीच्या पाठीवर घराचा नंबर पांढऱ्या रंगात घातला आणि सगळ्यांना सांगितलं, ‘ही दाराशेजारी उभी ठेवायची. दुसऱ्या कामाला वापरायची नाही.’

सगळ्यांनी मान डोलावली.

उन्हाळ्यात त्या फळ्यांवर कुरडया वाळल्या. एका घरी फळी दोन स्टुलांवर टाकून इस्त्रीचं टेबल झालं. एका घरी पाहुणे आल्यावर तिच्यावर पंगत बसली. एकाने ती कॉटवर गादीखाली घातली आणि पाठदुखी थांबली म्हणून गल्लीभर सांगत सुटला. फळी पुरासाठी आहे असं मी म्हटलं की सगळे म्हणायचे, ‘हो हो, पूर आला की काढतो ना लगेच.’

एकच फळी जागेवर असायची. ती आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या वहिनींची.

वहिनी साताऱ्याकडच्या. नवरा घाऊक बाजारात माथाडी, एका टोळीचा मुकादम. वहिनींनी आधी बरीच वर्षं बाजारात लसूण साफ केला, कांदे निवडले, आणि मग घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली. परवाना त्यांच्या नावावर, मीटर त्यांच्या नावावर. नवरा आमच्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा संस्थापक-अध्यक्ष होता, त्यामुळे त्याला गल्लीत कुणी नावाने हाक मारत नसे. अध्यक्ष म्हटलं की तोच. त्यावरून कुणी चुकून ‘अध्यक्षांची गिरणी’ म्हणालं, तर वहिनी चालू गिरणीच्या आवाजातूनही ऐकायच्या आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या: ‘अध्यक्षाचं मंडळ. गिरणी माजी.’

फळ्या यायच्या आदल्या पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा वहिनी आधी लोकांचे डबे वर चढवत बसल्या. माझा बाजरीचा डबाही त्यात होता. ‘दुसऱ्याचं धान्य हाय ताई, ते भिजलं तर तोंड कुठं दावू,’ म्हणाल्या. डबे वाचले, गिरणीची मोटार पाण्यात बसली आणि जळली. संक्रांतीपर्यंत वहिनी पुन्हा बाजारात लसूण साफ करायला जात होत्या. संध्याकाळी परतल्या की जिन्यात त्यांच्या आधी तो वास यायचा. नवी मोटार बसली त्या दिवशी त्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘ताई, ही गेली तर तिसरी न्हाई यायची. पुन्यांदा लसणाला जायाची वेळ नगं.’

म्हणून त्यांची फळी दाराशेजारी उभी असायची, पुसलेली. विम्याच्या कागदावर मोटारीचा उल्लेख व्हावा म्हणून त्या माझ्याबरोबर दोनदा ठाण्याच्या ऑफिसात आल्या होत्या. तिथल्या माणसाने सांगितलं, होईल. फक्त फळी बसलेली दिसली पाहिजे. वहिनी म्हणाल्या, ‘फळीचं काय, फळी हायच की.’

मग गणपती आले.

त्या वर्षी मंडळाची मूर्ती नेहमीपेक्षा मोठी होती. अध्यक्षांना मंचही तसाच हवा होता. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी ड्यूटीवरून आले तर मंडप उभा, झालरी लागलेल्या, आणि मंच असा सपाट की त्यावर गोटी ठेवली तरी घरंगळू नये. मी मनापासून कौतुक केलं. अध्यक्ष लाजले.

‘सगळं घरचंच सामान हाय ताई,’ ते म्हणाले. ‘भाड्यानं काय बी आणलं न्हाई.’

मंचावर गालिचा होता. तो मी उचलून पाहिला नाही. पाहण्याचं कारणही नव्हतं.

त्यापेक्षा माझं लक्ष मंडपाच्या तोंडावरच्या पाटीकडे गेलं. जाड सागवानी पाटी, खास करून घेतलेली. वरच्या ओळीत सेक्टरचं मित्र मंडळ, खालच्या ओळीत ‘संस्थापक-अध्यक्ष’ आणि पुढे नाव, वडिलांचं नाव, आडनाव. डाव्या टोकाला मोदक हातात धरलेला उंदीर. खालच्या ओळीची अक्षरं वरच्या ओळीपेक्षा मोठी होती. ‘पेंटरनं काढली तशी,’ असं अध्यक्षांनी मी न विचारताच सांगितलं.

गौरी यायच्या आदल्या दिवशी विमा कंपनीचं पत्र माझ्या हाती पडलं. टपालाने ते आठवडाभर कुठेतरी विश्रांती घेतली होती. साहेब दुसऱ्याच दिवशी पाहणीला येणार होते. मी कपडेही न बदलता यादी घेऊन खाली उतरले आणि पहिल्या घराची कडी वाजवली.

‘फळी? ती मंडळानं नेली ना.’

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी बाई म्हणाली, ‘बाप्पाला नाही कसं म्हणणार?’ पाठदुखीवाल्याने तर आनंदाने दिली होती. देवाखाली ठेवून परत आली की तिच्यात आणखी गुण येईल असा त्याचा हिशेब. शेवटी मी मंडपात गेले आणि गालिच्याचा कोपरा वर केला. हिरवा ऑइलपेंट. माझ्याच हातचे पांढरे नंबर खाली तोंड करून झोपले असणार. आणि त्यावर चौरंग, चौरंगावर बाप्पा.

अध्यक्ष शेजारी उभे होते. ‘एकसारख्या फळ्या कुठं मिळत्यात ताई? सरकारचं काम म्हंजे एकदम लेव्हलमधी.’

‘अहो अध्यक्ष, उद्या साहेब येणार बघायला.’

‘येऊ द्या की. दर्शन घेतील, प्रसाद घेतील.’

‘फळ्या बघायला येणार.’

ते मूर्तीकडे बोट करून दबक्या आवाजात म्हणाले, ‘आता ह्येंना कसं उठवायचं? प्रतिष्ठा झालीया. उत्तरपूजेपातुर देव जागचा हलवायचा न्हाई. चौदसीनंतर घ्या की फळ्या. मी सवता एकेक दारात नेऊन देतो.’

तेवढ्यात वहिनी पिठाचे हात पदराला पुसत आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण गिरणी बंद झालेली मी ऐकली होती. त्यांनी गालिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

‘माजी बी हाय का यात?’

‘सगळ्यांच्या घेतल्या,’ अध्यक्ष म्हणाले. ‘घरची सोडून दुसऱ्याच्या घेतल्या असत्या तर लोक काय म्हणलं असतं?’

‘कवा नेली?’

‘तू दळण पोचवाया गेली हुतीस तवा.’

वहिनी भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं अध्यक्षांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या भांडल्या नाहीत. मंचाभोवती एक फेरी मारली. मला वाटलं प्रदक्षिणा घालतायत. मग लक्षात आलं, त्या वाकून खाली बघत होत्या.

‘आवं,’ त्या म्हणाल्या, ‘थप्पीतलं खालचं पोतं वरची थप्पी न पाडता काढता न्हवं तुमी? रोज जेवताना सांगता की. मी काढतो, माजी टोळी काढती, बाजारात दुसऱ्या कुणाला जमत न्हाई म्हून.’

‘मग? खोटं हाय व्हय?’

‘न्हाई वो, खोटं कसं असंल. बघाया मिळालं न्हाई कदी, एवढंच.’

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्षांची अख्खी टोळी टेम्पोतून उतरली. टेम्पोत बाजारातल्या गाळ्यांमध्ये पोत्यांखाली टाकतात त्या लाकडी पट्ट्या भरल्या होत्या. शेठला सांगून मागून आणलेल्या. सगळ्यांनी आंघोळ करून कपाळाला बुक्का लावला होता, खांद्यावर कामावरचीच घडी घातलेली पोती. आधी सगळ्यांनी मूर्तीला नमस्कार केला. मग अध्यक्षांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मी त्यांना पहिल्यांदाच त्यांच्या खऱ्या कामावर पाहिलं.

पद्धत साधी होती. चौरंग पुष्कळ फळ्यांवर आडवा बसला होता. एका वेळी एकच फळी काढायची: दोघांनी पुढून ओढायची, दोघांनी मागून त्याच रेषेत बाजारातली पट्टी सरकवायची, जुनी निघता निघता नवी तिच्या जागी. बाकीच्यांनी मंचाखाली पाठ लावून वजन तोलून धरायचं. अध्यक्ष एकेक आवाज द्यायचे आणि सगळे त्यावर हलायचे. मोठमोठ्याने बोलणारा हा माणूस त्या वेळी जवळजवळ कुजबुजत होता.

दोन-तीन फळ्या निघाल्या असतील आणि साहेब आले. सडसडीत, हातात छत्री, काखेत फाइल, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. मला म्हणाले, ‘मी लवकर आलो का?’

‘नाही, अगदी वेळेवर आलात,’ मी म्हटलं. खरं तर ते वेळेआधी आले होते.

‘हे काय चाललंय?’

उत्तर मी देणार तेवढ्यात वहिनींनी पुढची समई उचलून त्यांच्या हातात दिली. ‘जरा धरा साहेब. ही तेवढी हलतीया.’

साहेबांनी फाइल माझ्याकडे दिली, छत्री खुर्चीला अडकवली आणि समई दोन्ही हातांनी धरली. एवढी जपून की मला त्यांच्याबद्दल विश्वास वाटायला लागला. पुढच्या प्रत्येक फळीला ते टोळीबरोबर श्वास रोखायचे. कलशावरच्या नारळाकडे सगळ्यांचे डोळे होते. तो ढळला तर झालं. तो ढळला नाही. शेवटची फळी निघाली तेव्हा साहेबच आधी ‘मोरया’ म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण पाहणीला आलो आहोत.

आता पुढचं काम माझं होतं. मी फळ्या उलट्या करून नंबर वाचत गेले आणि टोळीतली माणसं त्या त्या दारात नेत गेली. फळी खाचेत पडली की साहेब मोजपट्टी लावायचे, दोन्ही टोकं दाबून बघायचे, बाहेरून तांब्याभर पाणी ओतायचे आणि फाइलमध्ये खूण करायचे. एका फळीला कुरडयांचा चीक चिकटला होता; तो त्यांनी नखाने खरवडून पाहिला, पण काही विचारलं नाही. सगळं भराभर होत होतं. मी जरा खूश झाले होते.

गिरणीशी आलो तेव्हा अध्यक्ष मध्येच आडवे आले.

‘हितं बघायची काय गरज न्हाई साहेब. माजंच घर हाय.’

‘तुमचं असलं तरी बघावं लागेल,’ साहेब म्हणाले. ‘शिवाय इथे यंत्र आहे. यंत्राचं मी नीट बघणार.’

‘च्या घ्या आधी.’

‘आवं, बाजूला व्हा की,’ वहिनी म्हणाल्या.

फळी आणली. एका बाजूच्या खाचेत बसली. दुसऱ्या बाजूला वीतभर मोकळी राहिली. ती वीतभर जागा आणि तिच्यातून आत दिसणारी नवी मोटार, आम्ही सगळे बघत उभे राहिलो. फळीचं टोक करवतीने कापलेलं होतं, ताजं, आतलं लाकूड पिवळं.

‘कुणी कापली?’ वहिनींनी विचारलं.

अध्यक्ष मंडपाच्या खांबाकडे बघू लागले. ‘खांबाला आडवी येत हुती. दुसऱ्याची कशी कापायची? आपली म्हून—’

‘व्हय,’ वहिनी म्हणाल्या. ‘आपली म्हून.’

त्या उंबऱ्यावर टेकल्या. उंबऱ्यावर कधी न बसणारी बाई.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. ‘बाई, मला लिहावं तर लागेल. उरलेल्या घरांचं आज होऊन जाईल. हे पुढच्या वर्षी बघू.’ मग म्हणाले, ‘आजच्या आज दुसरी फळी मिळाली तर गोष्ट वेगळी. या जाडीची, या मापाची. मी चारपर्यंत आहे.’

गौरीच्या दिवशी सुताराचं दुकान कुठे उघडं असणार? मी तरी डोक्यात नावं फिरवायला लागले: रबाळ्याचा लाकडाच्या वखारीवाला, शेजारच्या बोनकोडे गावातला होड्या दुरुस्त करणारा, कारखान्यातल्या पॅकिंगच्या पेट्या. टोळीतला एकजण म्हणाला, बाजारातली पट्टी आणू. साहेबांनी हाताळून पाहिली. पातळ होती, खाचेत खुळखुळत होती.

वहिनी मंडपाकडे बघत होत्या, जरा वर. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. अध्यक्षांनीही पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘त्यो बोर्ड हाय,’ ते म्हणाले.

‘लाकडाचा हाय,’ वहिनी म्हणाल्या.

‘औंदाच केला.’

‘मोटार बी औंदाच केली.’

‘अगं पन त्याच्यावर माजं—’ एवढं बोलून ते थांबले. टोळी ऐकत होती.

साहेब तेवढ्यात शिडीवर चढून पाटीची जाडी मोजत होते. ‘उत्तम लाकूड आहे,’ खाली उतरत ते म्हणाले. ‘फळीपेक्षा चांगलं. फक्त लांबीला थोडी जास्त आहे. एका टोकाने कापावी लागेल.’

‘कुठल्या?’ अध्यक्षांनी विचारलं.

‘कुठल्याही. मला मापाशी मतलब.’

पाटी खाली उतरवून दोन खुर्च्यांवर ठेवली. डाव्या टोकाला उंदीर. उजव्या टोकाला आडनाव. अध्यक्ष करवत हातात घेऊन एकदा इकडे गेले, एकदा तिकडे. सगळी गल्ली गोळा झाली होती, वरच्या मजल्यावरून बायका वाकून बघत होत्या. टोळीतल्या एकाने धीर करून सुचवलं, ‘मुकादम, उंदराकडनं घ्या. शेपटीच जाईल.’

‘देवाचं वाहन कापू व्हय रं?’ अध्यक्ष खेकसले.

मग दुसरा मार्ग उरला नव्हता. आडनाव त्यांनी स्वतः कापलं. दुसऱ्या कुणाला करवतीला हात लावू दिला नाही. कापलेला तुकडा मात्र जमिनीवर पडू न देता हाताने झेलला आणि खिशात मावेना म्हणून पोत्याच्या घडीत ठेवला.

पाटी खाचेत पडली ती आवाजसुद्धा न करता. साहेबांनी तांब्याभर पाणी ओतलं, मग आणखी एक. आत थेंब नाही. अक्षरं बाहेरच्या बाजूला होती, उंदीरही. कुणीतरी म्हणालं, उंदीर असा दारात खाली बरा दिसतो का? वहिनी हळदकुंकवाचा करंडा आणायला आत निघाल्या होत्या; वळून म्हणाल्या, ‘गिरणीच्या दारात उंदीर काय नवा हाय का?’ आणि उंबऱ्याला लावतात तशी दोन बोटं पाटीला लावून आल्या.

साहेबांनी फाइलमध्ये खूण केली. मोटारीपुढेही केली, मी वाकून पाहिलं. प्रसाद घेऊन निघताना ते अध्यक्षांना म्हणाले, ‘नियमात एवढंच आहे की फळी कायम याच कामाला ठेवायची. परत मंडपावर लावता येणार नाही.’

‘न्हाई लावत,’ अध्यक्ष म्हणाले.

पाणी त्याच गणपतीत आलं. विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळपासून धो धो पाऊस, आणि पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे भर दुपारी खाडीला मोठी भरती. तलावाची दारं मिटली असणार. माझी रजा होती. खिडकीतून गल्लीचा रंग बदलताना दिसला आणि मी यादी न घेताच खाली धावले. तळमजल्याच्या सगळ्या दारांत फळ्या पडत होत्या, खड् खड्, एकामागून एक. इस्त्रीवाली, पंगतवाली, पाठदुखीवाली. उन्हाळाभर भलत्याच नोकऱ्या करून सगळ्या शेवटी मूळ कामावर हजर.

गिरणीच्या दारात वहिनींनी चिंध्या कोंबल्या होत्या, पण कापलेल्या बाजूने पाणी पाझरायला लागलं. मोटार आतल्या भिंतीला, जरा खालच्या जागी. अध्यक्ष मंडप सोडून धावत आले होते आणि चिंध्यांवर हात दाबून गुडघ्यावर बसले होते, म्हणजे स्वतःच्या नावावरच ओणवे.

‘ह्यानं भागायचं न्हाई,’ वहिनी म्हणाल्या. त्यांनी पापडाच्या उडदाच्या पिठाचा डबा ओढला, हातानेच पाणी घालून चिकट गोळा केला आणि फटीत बोटांनी लांबवर भरला. ‘धरून ठिवा.’ अध्यक्षांनी तळवा दाबून धरला. पाझर थांबला. भरती उतरेपर्यंत तो माणूस तिथून हलला नाही. बाहेर मंडळाचे लोक मंडपात पाणी शिरतंय म्हणून हाका मारत होते. बाप्पा उंच होते, बाजारातल्या पट्ट्यांवर कोरडे. अध्यक्षांनी आतूनच ओरडून सांगितलं, ‘तुमी बघा! मला येता याचं न्हाई!’

वहिनींनी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला. केस पुसायला की गप्प करायला, ते कळलं नाही. मी दारात उभी होते. मोटारीखालची फरशी कोरडी होती.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चिखल होता आणि गिरणी चालू होती. बोनकोड्याची एक आगरी मावशी तांदूळ दळायला घेऊन आली. पाटी अजून दारातच होती, कारण फुगल्यामुळे खाचेतून निघत नव्हती. मावशीने लुगडं जरा वर घेतलं, अक्षरांकडे बघितलं आणि मंडपाकडे ओरडली, ‘अध्यक्ष, तुज्या नावाव पाय परला त पाप लागंल काय रं?’

‘ओलांडून जा मावशे,’ अध्यक्ष म्हणाले. ‘सगळी जात्यात.’

आणि खरंच, मग पावसाळा आला की सगळे जायचे. पाटी पावसाच्या तोंडावर दारात पडायची आणि दिवाळीला निघायची. गल्लीत पाणी मोजायचं मापही तेच झालं. आधी आम्ही घोट्याएवढं, पोटरीएवढं म्हणायचो. आता ‘उंदराच्या पायाला लागलं’ किंवा ‘संस्थापक बुडाला’ असं म्हणायला लागलो. मंडळासाठी पुढच्या वर्षी कापडी बॅनर आला. त्यावर सगळ्या कार्यकर्त्यांची नावं होती, सारख्या अक्षरांत. पेंटरनं काढली तशी, असं यावेळी अध्यक्ष म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी तेच साहेब नूतनीकरणाच्या पाहणीला आले. समई कशी आहे, असं त्यांनी आधी विचारलं. मग फाइल उघडून गिरणीच्या दारात उभे राहिले आणि वहिनींना म्हणाले, ‘गेल्या वर्षी जास्तीत जास्त पाणी कुठपर्यंत आलं होतं?’

साधा प्रश्न. गल्लीतल्या कुणीही एका शब्दात सांगितलं असतं. पाणी खालच्या ओळीत, बरोबर नावापर्यंत येऊन थांबलं होतं, त्याची पिवळट रेघ अजून लाकडावर होती. पण वहिनी नवऱ्याचं नाव कधी घेत नसत. उखाण्याशिवाय तर नाहीच. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, आणि मग दारातच डबे उचलून देत असलेल्या अध्यक्षांकडे हनुवटीने खूण केली.

‘ह्येंच्यापातुर आलं हुतं साहेब,’ त्या म्हणाल्या. ‘पन ह्येंनी फुडं येऊ दिलं न्हाई.’

साहेबांनी तसंच लिहून घेतलं की काय, मला माहीत नाही. अध्यक्षांनी हातातला डबा खाली ठेवला आणि उगाचच परत उचलला.